पोत्यांचा आडोसा

पोटाचं दुखणं चारचौघांत बोलू नये, असं मला आईनं शिकवलं आणि सासूनं पक्कं करून घेतलं. मी दोघींचंही ऐकलं. त्यापायी एकदा मरायला टेकले होते, म्हणून आता लिहून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत आहे. अक्षर वाचण्यासारखं आहे, तेवढं पुरे.

माझ्या मोठ्या आतड्याला बारीक बारीक पिशव्या आलेल्या आहेत. डॉक्टर त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगतात. ते मला म्हणता येत नाही आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. गावच्या दूध संस्थेनं डेअरीमागच्या माळावर चारा छावणी काढली होती. मुलगा आणि सून चाकणकडं कंपनीत कामाला होते. घरात आम्ही दोघंच, आणि गोठ्यात दोन गायी, एक पितं वासरू नि एक कालवड. घराला कुलूप लावलं आणि जनावरं घेऊन मालक नि मी छावणीत राहायला गेलो. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, त्यांची मालकी असो नसो.

छावणी म्हणजे वर जुन्या साड्यांचं छप्पर, खाली दावण, आणि दावणीला लागून माणसांची बाज. सहकारी कारखान्यावरून उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याच्या, ट्रॉल्या यायच्या. पाण्याचा टँकर दिवसातून एकदा. आधी जनावरांचा हौद भरायचा, मग घरटी एक हंडा. संस्थेचा सेक्रेटरी स्वतः उभा राहून वाटायचा. वाटण्यात खोट नव्हती, पाणीच पुरं नव्हतं. त्या हंड्यात स्वयंपाक, भांडी, पिणं, आणि कालवड तोंड वासून बघायला लागली की तिला घमेल्यात थोडं. हे थोडं माझ्या वाटणीतलं असायचं. मालकांना ते माहीत नव्हतं.

पण मी पाणी कमी प्यायचे ते काही कालवडीच्या मायेनं नाही. खरं कारण वेगळं होतं. छावणीचा माळ तळहातासारखा उघडा. एक बाभळ होती, तिचाही पाला शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेला. बायकांनी तांबडं फुटायच्या आत जाऊन यायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस दाबून धरायचं. पाणी प्यालं की दाबून धरता येत नाही, म्हणून प्यायचंच नाही. हिशेब सोपा होता.

ही विद्या मी उसतोडीत शिकले. लग्नानंतरची किती वर्षं आम्ही दोघं कडा गावाकडच्या आणि त्याच्याही खालच्या कारखान्यांचा ऊस तोडत हिंडलो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या एका कोयत्यातला अर्धा भाग सारखा आडोशाला जाऊन चालत नाही. आणि ऊस तोडणं हे काम असं आहे, की आडोसा आपल्याच हातानं तोडायचा असतो. सकाळी जिथं जाता आलं असतं तिथं दुपारी बुडखे राहतात. सगळ्याच बायका तशाच राहायच्या. कंबर धरली की दुकानातून दुखायची गोळी घ्यायची, पोट धरलं की आणखी एक. मला वाटायचं बाईचं पोट असंच असतं.

छावणीत मला चार-चार दिवस साफ होईना. पोट डब्ब. डाव्या अंगाला खाली एक कळ बसलेली. पलीकडच्या दावणीवर एक तरणी बाई होती, दोन म्हशी घेऊन आलेली, जिभेची तिखट. तिनं माझं तोंड बघून ओळखलं.

"मावशी, साफ व्हत न्हाई ना? ईसबगोल घ्या. माझी सासू घेती. भुस्सा झाडल्यावानी सगळं भाईर."

डेअरीजवळच्या दुकानातून मी पुडी आणली. दोन चमचे तोंडात टाकले आणि वर दोन घोट पाणी. पुडीवर काय लिहिलंय ते मी वाचलं होतं. भरपूर पाण्याबरोबर घ्या, असं मराठीत स्पष्ट छापलं होतं. पण भरपूर पाणी कुणाला म्हणायचं? त्या सालात दोन घोट म्हणजे मला भरपूरच वाटले. आणि साफ झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी चमचे वाढवले, घोट वाढवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी धारा काढायच्या वेळी मी बाजेवरून उठू शकले नाही. डाव्या कुशीत कुणीतरी कोयत्याचं टोक रोवून ठेवल्यासारखं. अंगात ताप. मालक बादली घेऊन आले.

"उठ की गं, वासरू सोडायचंय."

"तुमीच सोडा."

एवढंच मी बोलले, पण त्यांनी बादली खाली ठेवली. संसारात मी त्यांना कधी 'तुमीच सोडा' म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि डेअरीकडं गेले. थोड्या वेळात दुधाचा टेम्पो दावणीपर्यंत आला. गेवराईला दूध न्यायचा तोच टेम्पो. मला दोघांनी धरून आत घातलं, दुधाच्या कॅनांमध्ये.

"आजी, कॅनला धरून बसा," ड्रायव्हर म्हणाला. "आन कॅनवर वकू नका, फॅट कमी लागंल."

मला हसायला आलं आणि हसल्यामुळं अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

गेवराईच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. रक्त घेतलं, मला मशीनमध्ये घालून पोटाचा फोटो काढला, आणि मग त्या आमच्या दोघांसमोर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "सायकलची ट्यूब जुनी झाली की तिला जागोजागी फुगे येतात, पाहिलेत ना? आजींच्या आतड्याला तसे फुगे आलेत. वर्षानुवर्षं पोट साफ नाही, आतून जोर पडतो, म्हणून येतात. पुष्कळांना असतात, त्रास होत नाही. यांच्या एका फुग्याला आता सूज आलीय, पू धरलाय."

मालकांना सायकल कळते. त्यांनी विचारलं, "मंग पंक्चर?"

"अजून नाही. इंजेक्शनं सुरू करते. दोन दिवस तोंडानं काही नाही, सलाईनवर. ताप उतरला तर औषधावर भागेल. नाही उतरला किंवा तो फुगा फुटला, तर ऑपरेशन. तेवढा भाग काढावा लागतो, आणि काही महिने पोटावर पिशवी लावावी लागते. त्यातून बाहेर पडतं."

"काय पडतं?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं.

"मला न्हाई लावायची," मी म्हटलं. "त्यापरीस मरते."

"ते तुम्ही नाही ठरवायचं, आजी. ताप ठरवेल," त्या म्हणाल्या. मला त्यांचं बोलणं आवडलं. उगीच पाठीवरून हात फिरवत बसल्या नाहीत.

मग त्यांनी विचारलं, की दिवसाला पाणी किती पिता. मी तांब्याभर म्हणाले. ईसबगोल किती पाण्याबरोबर घेतलं, तर मी दोन घोट म्हणाले. त्यांनी नर्सकडून पेला मागवला, त्यात दोन चमचे ईसबगोल टाकलं, वर दोन घोट पाणी ओतलं आणि पेला तसाच टेबलावर ठेवून दुसरा पेशंट बघायला गेल्या. परत आल्या आणि पेला उलटा धरला. खाली काही पडलं नाही. आतल्या आत घट्ट, भिंतीला गिलावा बसल्यासारखं.

मालकांनी तो पेला हातात घेतला. आत बोट घालून बघितलं. मग माझ्याकडं वळले आणि आवाज चढवला. दवाखान्यात, सगळ्यांसमोर.

"हंडा भरलेला आसताना दोन घोट? कावून? पाणी कावून पीत न्हाईस तू?"

मला ताप होता, कळ होती, आणि वर हा आवाज. चाळीस वर्षांत जे बोलले नव्हते ते तोंडातून निघून गेलं.

"पाणी प्यालं की जावं लागतंय. कुठं जाऊ? तुमच्या डोक्यावर?"

नर्स हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मालक पेला धरून उभेच.

"कवापासून?" त्यांनी हळू विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

त्यांनी पेला टेबलावर ठेवला, अगदी जपून, आवाज न करता.

पहिला दिवस ते माझ्या पलंगाशी बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि "येतो" म्हणून निघून गेले. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पत्ता नाही. मला वाटलं गेले गायींकडं. माणूस सलाईनला लटकलंय, ताप उतरतोय की नाही ते कळत नाही, पोटावर पिशवी येईल की काय म्हणून जीव टांगलाय, आणि हा माणूस गायींकडं. मनातल्या मनात मी त्यांना जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. उसतोडीत राहिल्यामुळं मला बऱ्याच येतात.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोट हाताला मऊ लागायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी चार ठिकाणी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "सध्या तरी वाचलात. पण सहा आठवड्यांनी आतून दुर्बिणीनं बघायचं. तेव्हा कळेल ऑपरेशन टळलं की नाही. तोवर पुन्हा असा झटका येता कामा नये."

मालक त्या दिवशी दुधाच्या टेम्पोतूनच आले. दोन्ही हात खरचटलेले, एका अंगठ्याला चिंधी. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. माझा राग होता, आणि त्यांना सांगता येत नाही. गायींशी दिवसभर बोलतील, माणसांशी नाही.

निघताना सूचना दिल्या. आधी काही दिवस तांदळाची पेज, पातळ वरण, ताक. मग हळूहळू भाकरी, पालेभाजी, सालासकट डाळी, कोंडा न चाळता पीठ. दुकानातली दुखायची गोळी पुन्हा मनानं घ्यायची नाही, तिनं आतडं आणखी बिघडतं. ईसबगोल घ्यायचं, पण मोठा पेला भरून पाण्यात आणि वर आणखी एक पेला. आणि दिवसभर पाणी. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

छावणीत उतरले आणि बघते तर माळाच्या कडेला, आमच्या दावणीच्या मागं, पेंडीच्या रिकाम्या पोत्यांची एक खोली उभी. चार बाभळीच्या मेढी, त्याला पोती शिवलेली, दाराला पोत्याचाच पडदा. आत कंबरभर खड्डा, वर दोन शहाबादी फरशा, कोपऱ्यात राखेची पाटी. तो माळ दगडासारखा तापलेला. खड्डा कसा खणला असेल ते त्यांच्या हातांवरून दिसत होतं.

बाकीची हकिगत मला पलीकडच्या दावणीवालीनं सांगितली. मालकांनी एक दिवस आणि वर अर्धा दिवस खणलं. पुरुष मंडळी बाजेवर बसून टिंगल करत होती. "आबा, म्हातारीला महाल बांधताय व्हय?" मालकांनी वर बघितलं नाही. मग सेक्रेटरी आला.

"आबा, हे कुणाला इचारून खणलं?"

"तुमी कुणाला इचारून जाता?" मालक म्हणाले आणि पुन्हा पहार मारली.

सेक्रेटरीनं खड्ड्यात वाकून बघितलं. मग म्हणाला, गोदामात पेंडीची आणखी पोती आहेत, लागली तर न्या.

आता वाटेल, की आडोसा झाला, बाई पाणी प्यायला लागली. तसं काही झालं नाही. पोत्यांची खोली होती, पण तिथवर भर दिवसा, सगळ्या छावणीच्या डोळ्यांदेखत, हातात टमरेल घेऊन चालत जायचं होतं. ते माझ्यानं होईना. दोन दिवस मी जुनाच हिशेब चालवला. पेज पीत होते, पाणी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डाव्या अंगाला पुन्हा तीच ओळखीची कळ आली, बारीक. मी पदराखाली हात दाबून बसले.

मालकांनी बघितलं. हंड्यातून पेला भरला, त्यात चमचाभर ईसबगोल टाकून काडीनं ढवळलं आणि माझ्यापुढं धरला.

"पी."

"आत्ता? दुपारी?"

"घट्ट व्हायच्या आत पी."

मी प्याले. त्यांनी दुसरा पेला भरला, तोही पाजला. मग बाजेखालचं टमरेल उचललं, त्यात पाणी घातलं, आणि ते स्वतःच्या हातात घेऊन निघाले. पुढं ते, मागं मी. आमच्याकडं पुरुषमाणूस बायकोचं टमरेल हातात धरत नाही. कुणी बघितलं तर पिढ्यान् पिढ्या बोलतात. मालक ते सगळ्या दावणींसमोरून, मिरवणुकीत पुढं कलश धरावा तसे घेऊन चालले होते.

आडोशाशी त्यांनी टमरेल माझ्या हातात दिलं, पडदा सोडला आणि पाठ करून उभे राहिले. मग मोठ्यानं बोलायला लागले, लांब बांधलेल्या गायीशी.

"काय गं बाई, आज वाढं कोवळं व्हतं का? चांगलं खाल्लंस न्हाई?"

गाय काय उत्तर देणार? पण आवाज ऐकून कुणी इकडं फिरकणार नाही, हे मला आतून कळत होतं. मी आत बसून रडले. थोडंच. तिथं रडत बसण्यासारखी जागा नव्हती.

कुणीतरी लांबून ओरडलं, "आबा, पहारा हाय का?"

"हाय," मालक म्हणाले. "तुमचं मुताया बसणं चाललंय ना उघड्यावर, म्हणून ही अडचण हाय."

दोन दिवसांनी पलीकडची दावणीवाली आली. म्हणाली, "मावशी, मी बी जाऊ का?" मग दुसऱ्या आल्या. राख प्रत्येकीनं आपापल्या चुलीची आणायची, असं आपोआप ठरलं. मालकांनी पडद्याला बाहेरून एक लाल चिंधी बांधायची सोय केली. आत कुणी असलं की चिंधी दिसायची.

माझं पथ्य मालकांनीच धरलं. पेज तेच शिजवायचे, पहिली दोन-तीनदा करपली. भाकरीवर आल्यावर पीठ चाळू देईनात. गव्हाचा कोंडा निघाला की मूठभर माझ्या पिठात. एकदा गायीच्या आंबोणातला नि माझा कोंडा एकाच पोत्यातून काढत होते. म्हणाले, "आता तू बी छावणीतच मोडतीस. तुलाबी नोंदवाया पायजे." पालेभाजी त्या सालात कुठली? गेल्या सालची वाळवलेली हरभऱ्याची भाजी घरी मडक्यात होती, ती कुलूप उघडून आणली. एका शहाण्या बाईनं सांगितलं, बिया खाऊ नका, तीळ खाऊ नका, पिशवीत अडकतात. मी महिनाभर तिळाची चटणी सोडली. पुढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बियांनी काही होत नाही, खा. त्या महिन्याच्या चटणीचं मला अजून वाईट वाटतं.

सहा आठवडे झाले. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी आतडं धुवून काढायचं असतं. पावडर दिली होती. ती चार तांबे पाण्यात कालवून प्यायची, वर साधं पाणी, जेवढं पोटात जाईल तेवढं, आणि बाहेर स्वच्छ पाणी येईपर्यंत जात राहायचं. मी पुडा वाचून मालकांना दाखवला. आमचा हंडा सकाळच्या स्वयंपाकातच अर्धा झाला होता. टँकर दुसऱ्या दिवसावर गेलेला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ.

हे पलीकडच्या दावणीवालीनं ऐकलं. मावशीला दुर्बिणीसाठी पाणी लागतंय, असं ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. थोड्या वेळानं ती स्वतः एक तांब्या घेऊन आली. मग तिच्या पलीकडची. एकेक दावण सोडून एकेक तांब्या यायला लागला. कुणाचा पितळी, कुणाचा स्टीलचा, एकीनं तर बाळाची दुधाची बाटली भरून आणली.  बाजेखाली रांग लागली. त्या सालात पाणी कुणी कुणाला देत नव्हतं. सख्खे भाऊ देत नव्हते.

दुपारपासून दिवे लागेपर्यंत मी पीत होते आणि जात होते. लाल चिंधी त्या दिवशी खाली आलीच नाही. दुसऱ्या कुणाला जायचं असेल तर ती थांबायची, "मावशीचं होऊ द्या" म्हणायची. मालक पाठ करून उभे. गायीशी बोलून बोलून त्यांचा घसा बसला. शेवटी शेवटी त्यांना विषय सुचेनात, तर पाढे म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा मालक उभे राहिले आणि टोपी काढून हातात धरली.

"पिशव्या आहेत आणि राहणार," त्या म्हणाल्या. "पण सूज गेलीय, गाठ-बिठ काही नाही. ऑपरेशन नको. पोट आतून इतकं स्वच्छ करून आलात, शहरातले लोक करत नाहीत."

"पंचवीस दावणींचं पाणी हाय त्यात," मालक म्हणाले. डॉक्टरीणबाईंना ते काय ते कळलं नसेल.

छावणी मोडली तेव्हा आम्ही घरी आलो. घरी सरकारी योजनेतला संडास होता. बांधल्यापासून त्यात गोवऱ्या, फवारणीचा पंप आणि कांदे. पाणी नाही तर संडासाचं करायचं काय, म्हणून सगळ्या गावानं तसंच केलेलं. मालकांनी कुलूप काढलं, एकेक करून सगळं अंगणात आणून टाकलं, आत चुना मारला आणि दाराशी पाण्याचा पिंप ठेवला. मग मला तांब्याभर पाणी दिलं. दुपारचीच वेळ होती.

मी जाऊन आले तर हे दाराकडं पाठ करून पायरीवर बसलेले, आणि गोठ्यातल्या गायीला काहीतरी विचारत होते.

"आवं, आतून कडी हाय," मी म्हटलं.

"हाय की," ते म्हणाले. "मी काय तुझ्यासाठी बसलोय? मी गायीशी बोलतोय."

अजून बसतात. कान गेलेत, गायी विकल्या. तरी बसतात.